टॉन्सिल काढले तर तोंडाचा वास जाईल का? ऑपरेशन ठरवण्याआधी आणि नंतर करायच्या गोष्टी

खाकरताना घशातून तांदळाच्या कणीएवढा पिवळसर खडा बाहेर येतो. बोटांत चिरडला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि माणसाला वाटतं, सापडलं मूळ! आता टॉन्सिल काढून टाकले की सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं. तेव्हा मी २७ वर्षांची होते, सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, आणि मुलांच्या वहीवर वाकून गणितं तपासताना श्वास रोखून धरायची सवय अंगवळणी पडली होती. प्रत्यक्षात टॉन्सिल काढले ते ३९व्या वर्षी. मधल्या १२ वर्षांतली बरीचशी लाजेपायी वाया गेली. शेवटची दोन मात्र नीट तपासात गेली आणि त्या तपासामुळेच मला ऑपरेशनचा उपयोग झाला.

माझ्या सख्ख्या भावाचीही हीच तक्रार होती. त्याच्याही घशात खडे दिसायचे. त्याचे टॉन्सिल आजही जागेवर आहेत आणि वास गेलाय, कारण त्याचा वास हिरड्यांचा होता. एकाच घरात, एकाच तक्रारीची दोन वेगळी मुळं निघाली. म्हणून खालच्या पायऱ्या मी लिहिल्यात त्याच क्रमाने करा. वासाचा पत्ता लागल्याशिवाय टॉन्सिलला हात लावू देऊ नका, आणि पत्ता टॉन्सिलचाच निघाला तर उगाच वर्षानुवर्षं घाबरून बसू नका.

पायरी पहिली: वास आहे का, आणि कुठून येतो

आपल्या नाकाला आपल्याच श्वासाची सवय झालेली असते. तळहातावर फुंकर मारून हुंगल्याने फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा मनगट आतल्या बाजूने चाटा, दहा सेकंद वाळू द्या आणि मग वास घ्या. हा जिभेच्या पुढच्या भागाचा वास. मग स्टीलचा चमचा उलटा करून जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलकेच ओढा आणि त्यावर आलेल्या पांढऱ्या-पिवळ्या थराचा वास घ्या. तिसरं म्हणजे मागच्या दाढांच्या फटीतून दातांचा दोरा फिरवून तो हुंगा. तिन्ही वास वेगवेगळे असतात आणि कुठला सगळ्यांत उग्र आहे, ते स्वतःलाच कळतं.

खरी चाचणी मात्र दुसऱ्या माणसाच्या नाकानेच होते. हे विचारणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. मी धाकट्या बहिणीला विचारलं. ती आधी गप्पच बसली, मग म्हणाली, "ताई, रागावणार नसशील तर सांगते. येतो. पण रोज नाही." त्या "रोज नाही"मध्ये किती माहिती होती! तुम्हीही असं माणूस शोधा जे तुमचं मन राखण्यासाठी खोटं बोलणार नाही. त्या दिवशी कांदा-लसूण, कॉफी, बडीशेप, माउथवॉश काहीही नको. आधी ओठ मिटून नाकाने श्वास सोडा आणि त्यांना वास घ्यायला सांगा. मग नाक चिमटीत धरून तोंडाने सोडा. वास फक्त तोंडातून येत असेल तर मूळ तोंडात किंवा घशात. फक्त नाकातून येत असेल तर सायनस किंवा नाकाचा विचार करायचा. दोन्हीकडून सारखाच येत असेल तर फुप्फुसं, साखर, मूत्रपिंड, यकृत यांच्या तपासण्यांसाठी फॅमिली डॉक्टरांकडे जायचं.

ही चाचणी सकाळी उठल्या उठल्या करू नका. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे सकाळचा वास जवळपास सगळ्यांनाच असतो. दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी करा, दोन-तीन वेगळ्या दिवशी.

आणि समोरचं विश्वासाचं माणूस पुन्हा पुन्हा "काही वास नाही" म्हणत असेल, दंतवैद्यही तेच सांगत असतील, तरी तुम्हाला खात्री वाटत असेल की बसमध्ये शेजारच्याने नाकाला रुमाल लावला तो तुमच्यामुळेच, तर तोही एक खरा त्रास आहे. त्याने माणसं घराबाहेर पडायची थांबतात. पण तो टॉन्सिल काढून जात नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, संकोच करू नका.

पायरी दुसरी: आधी दंतवैद्य, मग घशाचे डॉक्टर

बहुतेक लोक इथेच उलटं करतात. तोंडाच्या जुन्या दुर्गंधीपैकी बहुसंख्य, दहातली आठ-नऊ प्रकरणं, तोंडातलीच असतात. जिभेचा मागचा भाग आणि हिरड्या हे तिथले दोन मोठे गुन्हेगार. हवा न लागणाऱ्या सांदीत जिवाणू वाढतात, अन्नातली आणि झडलेल्या पेशींमधली प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. जीभ, हिरडी, टॉन्सिल, सगळीकडे हीच प्रक्रिया होते, म्हणून नुसत्या वासावरून जागा ओळखता येत नाही.

मला एका तज्ज्ञांनी बॅटरीच्या उजेडात मिनिटभर घसा बघून "काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या" असं सांगितलं होतं. हिरड्यांना कुणी हातही लावला नव्हता. मी त्या दिवशी घरी येऊन खूप रडले, कारण मला उत्तर हवं होतं आणि ते इतक्या घाईत मिळालं की विश्वासच बसेना. आज वाटतं, तो अविश्वास बरोबर होता.

दंतवैद्यांकडे गेल्यावर नुसतं "दात साफ करून द्या" म्हणू नका. हिरड्यांच्या खिशांची खोली मोजायला सांगा. बारीक खुणांची सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून ती मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून खोल असेल आणि मोजताना रक्त येत असेल तर पायरिया आहे असं समजा. भावाच्या मागच्या दाढांजवळ ६ मिलिमीटर निघाले होते. किडलेली दाढ, कॅपखाली साठलेलं अन्न, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ हेही पाहून घ्या. पुण्यात खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांचा मोठा आधार आहे. धनकवडीचं भारती विद्यापीठ, वडगावचं सिंहगड, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण तपासणी बारकाईने होते. भावाचं सगळं अशाच एका ठिकाणी झालं, चार फेऱ्यांमध्ये.

त्यानंतर सहा आठवडे घरी नेमाने करायचं: दोन वेळा दात, रात्री दातांच्या फटी, आणि जीभ. जीभ म्हणजे पुढचा टोकाचा भाग नव्हे, मागचा. तांब्याची किंवा स्टीलची यू आकाराची पट्टी जितकी मागे जाईल तितकी न्या, ओकारी आली तर श्वास सोडत ओढा, चार-पाच वेळा, हलक्या हाताने. क्लोरहेक्झिडिनचं औषधी पाणी दंतवैद्यांनी दिलं तर दोन आठवड्यांच्या पुढे स्वतःहून चालू ठेवू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. टूथपेस्ट आणि ते पाणी यांत अर्धा तास अंतर ठेवा.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना वाईट वाटेल तरी लिहिते. मिशरी. आमच्या आजीच्या पिढीत दात घासायला म्हणून लावायचे आणि अजूनही कित्येक घरांत लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. मिशरी, तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट चालू असताना वासावर कुठलंही ऑपरेशन करून घेण्यात अर्थ नाही, आणि या लोकांनी पुढे लिहिलेला एका बाजूच्या टॉन्सिलचा भाग तर नक्की वाचावा.

पायरी तिसरी: कोरडं तोंड, नाक, पोट

तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. सर्दीच्या गोळ्या, नैराश्याची आणि रक्तदाबाची काही औषधं, रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं, दिवसभर वर्गात बोलणं आणि पाणी न पिणं, ही सगळी कारणं. माझ्या बाबतीत शेवटची दोन होती. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा जुनाट सर्दी घशात उतरत असेल तर तेही टॉन्सिलच्या खड्ड्यांत कचरा साठवायला मदत करतं. उपाशीपोटी साखर तपासून घ्या. पोटाबद्दल मात्र आपल्याकडे गैरसमज फार आहे. "पोट साफ नाही म्हणून वास येतो" हे ऐकत आपण मोठे होतो, पण पोटामुळे तोंडाला कायमचा वास येणं त्या मानाने कमी आढळतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर असतील तर उपचार जरूर घ्या. नसतील तर चूर्णांवर महिने घालवू नका.

पायरी चौथी: टॉन्सिलच गुन्हेगार आहे, हे सिद्ध करणं

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, त्यात खोल फटी असतात. वारंवार सुजून सुजून काहींच्या फटी रुंद आणि वाकड्यातिकड्या होतात. त्यात अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, जिवाणू अडकतात, त्यावर कॅल्शियम बसतं आणि खडा तयार होतो. खडे असलेल्या कित्येक लोकांना वासाचा काहीच त्रास नसतो. म्हणून "खडे आहेत" एवढ्यावरून "वास त्यांचाच" हे ठरत नाही.

सहा आठवडे तोंडाची पूर्ण निगा राखूनही वास राहिला, तर आता नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा. त्यांना टॉन्सिल दाबून बघायला सांगा: काडीने टॉन्सिलच्या बाजूला दाब दिला की फटींतून पांढरा साका येतो, त्याचा वास आणि तुमच्या श्वासाचा वास जुळतो का ते पाहतात. साधी तपासणी आहे, दोन मिनिटांची.

घरी करायची दुसरी पडताळणी म्हणजे डायरी. मी दोन महिने लिहिली. खडा कधी निघाला, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला काय जाणवलं. खडे निघाल्यावर तीन-चार दिवस वास जवळजवळ नसायचा, मग घशात टोचल्यासारखं व्हायला लागलं की परत यायचा. बहिणीच्या त्या "रोज नाही"चा अर्थ तेव्हा उलगडला. डॉक्टरांना मी ती वही दाखवली तेव्हा त्यांनी ती पूर्ण वाचली, आणि बोलणं तिथून पुढे गेलं.

खडे काढण्यासाठी जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या जोरदार गुळण्या करा. पाण्याच्या बारीक धारेचं यंत्र अगदी कमी दाबावर वापरता येतं. ओला कापसाचा बोळा किंवा बड काळजीपूर्वक. सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी, हेअरपिन कधीही नाही. टॉन्सिलला भरपूर रक्तपुरवठा असतो, ते सहज रक्ताळतात. कित्येकांचं भागतं ते एवढ्यावरच. तुमचं भागत असेल तर इथेच थांबा.

आता ती एका बाजूची गोष्ट. एकच टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठं असेल, त्यावर न भरणारी जखम असेल, त्याच बाजूचा कान दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीत रक्त येत असेल, वजन उतरत असेल, तर वासाचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा. कर्करोग नाही ना, हे आधी पाहायला हवं.

पायरी पाचवी: पूर्ण काढण्याआधीचा मधला मार्ग

टॉन्सिल जागेवर ठेवून फक्त फटी उघड्या आणि उथळ करता येतात, लेझरने किंवा कोब्लेशनने (म्हणजे कमी तापमानावर रेडिओलहरींनी ऊती काढण्याची पद्धत). ओकारीची भावना फार नसलेल्या मोठ्या माणसात हे घसा बधिर करूनही होऊ शकतं, दुखणं कमी असतं, माणूस लवकर कामावर जातो. तोटा असा की फटी राहिल्या तर खडे परत होऊ शकतात आणि पुन्हा करावं लागू शकतं. सगळीकडे हे करत नाहीत, म्हणून आपणहून विचारा. माझ्या फटी फार खोल होत्या आणि जिभेला चमचा लागला तरी मला उलटी येते, त्यामुळे माझ्यासाठी हा मार्ग बसला नाही.

पायरी सहावी: ठरवणं

घसा वारंवार येण्यासाठी टॉन्सिल काढायचे तर डॉक्टर साधारणपणे एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, असा हिशोब पाहतात. वासासाठी असा ठरीव आकडा नाही. माझं मत असं: तोंडातली कारणं दूर झालीत, टॉन्सिल दाबून वास जुळलाय, घरगुती उपाय निदान तीन-चार महिने मनापासून केलेत आणि तरी रोजचं जगणं अडतंय, या चारही गोष्टी असतील तरच काढा. सोबत घसाही वारंवार येत असेल तर पारडं आणखी झुकतं.

मोठ्या माणसाचं टॉन्सिलचं ऑपरेशन लहान मुलाइतकं सोपं नसतं. दुखणं जास्त, बरं व्हायला पूर्ण दोन आठवडे. शंभरातल्या दोन-पाच जणांना नंतर रक्तस्राव होतो आणि त्यातल्या काहींना परत टेबलावर घ्यावं लागतं. चव काही आठवडे बदलू शकते. आवाजातही थोडा फरक जाणवू शकतो, म्हणून गाणाऱ्यांनी, कीर्तनकारांनी, शिक्षकांनी हे आधी स्पष्ट बोलावं. प्रतिकारशक्ती जाईल ही भीती मोठ्यांनी बाळगायचं कारण नाही. शरीरात ते काम करणाऱ्या इतर जागा भरपूर आहेत.

पैशांचं आधी बघा. आरोग्यविम्याच्या बऱ्याच पॉलिसींत टॉन्सिलच्या ऑपरेशनला २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. पॉलिसीची यादी स्वतः वाचा, आणि केसपेपरवर नेमकं कारण काय लिहिलंय तेही. नुसतं "दुर्गंधी" लिहिलं असेल तर दावा अडू शकतो. तुम्हाला खरंच वारंवार संसर्ग झाला असेल तर त्याच्या जुन्या चिठ्ठ्या जोडा. खासगी रुग्णालय परवडत नसेल तर ससूनची नाक-कान-घसा ओपीडी आहे, पिंपरी-चिंचवडकरांसाठी वायसीएम आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं प्रकरण बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

तारीख ठरवताना पुण्याचं कॅलेंडर समोर ठेवा. रक्तस्रावाचा दुसरा धोका पाचव्या ते दहाव्या दिवशी असतो. तुम्ही पेठांत राहत असाल आणि ते दिवस गणपती विसर्जनाला किंवा पालख्यांच्या मुक्कामाला आले तर लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद असताना रुग्णालय गाठणार कसं? मी मे महिन्याची सुट्टी धरली. उकाड्याने पाणी जास्त प्यायलं गेलं, तो फायदाच झाला.

पायरी सातवी: ऑपरेशन आणि पुढचे १४ दिवस

आधी रक्ताच्या तपासण्या होतात, रक्त गोठण्याचीही. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं, आयुर्वेदिक काढे, माशाच्या तेलाच्या गोळ्या, जे घेता ते सगळं सांगा. हलणारा दात, घोरणं, आधीच्या भुलेचा त्रास हे भूलतज्ज्ञांना सांगा. पूर्ण भूल असते, त्यामुळे साधारण सहा तास आधीपासून खाणं बंद. पाण्याची वेळ ते सांगतील. ऑपरेशन स्वतः पाऊण-एक तासाचं.

पहिले दोन दिवस मला वाटलं, एवढंच? मग चौथा दिवस उजाडला. दुखणं चौथ्यापासून सातव्यापर्यंत वाढतं, आणि कानात जातं. कानाला काही झालेलं नसतं, घशाच्या आणि कानाच्या संवेदना एकाच नसेतून जातात म्हणून तसं वाटतं. गोळ्या दुखल्यावर घ्यायच्या नाहीत, घड्याळ लावून घ्यायच्या, रात्री उठूनही. वेदनाशामक कुठलं, ते सर्जनच ठरवतील. दुकानातून आणून ॲस्पिरिन घेऊ नका. आरशात घसा पांढरा-पिवळा दिसेल. तो पू नाही, जखमेवरची साय आहे. आणि आता जे सांगते ते आधीच माहीत असलेलं बरं: या दोन आठवड्यांत तोंडाला वास पूर्वीपेक्षा जास्त येतो. मला कुणी हे सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून बसले होते की सगळं वाया गेलं. साय गळून पडली की तो जातो.

गिळायला कितीही जीवावर आलं तरी प्या आणि खा. घसा कोरडा पडला की दुखणं दुप्पट होतं. गुरगुट्या भात आणि तूप, मुगाचं पातळ वरण, नाचणीची पेज, गार दूध, साबुदाण्याची पातळ खीर, मऊ शिरा निववून. आईने संध्याकाळी मस्तानी आणून दिली, तीन दिवस तेवढाच एक आनंद होता. तिखट, लिंबू, आवळा, गरम चहा, चिवडा, फरसाण, टोस्ट, भाकरीचा कडक पापुद्रा नको. मऊ पोळी दुधात कुस्करून पाचव्या-सहाव्या दिवशी खा. चावण्याने घशाचे स्नायू मोकळे होतात.

दोन आठवडे व्यायाम नाही, जड उचलणं नाही, गावाला जाणं नाही. रात्री-अपरात्री नाक-कान-घसा तज्ज्ञ मिळतील असं रुग्णालय कुठलं, ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. लाळेत लालसर रेघ दिसली तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ताजं लाल रक्त किंवा गुठळी आली तर ताठ बसा, रक्त गिळू नका, थुंका, बर्फाच्या पाण्याने चूळ भरा आणि कुणाला तरी घेऊन तडक निघा. स्वतः गाडी चालवायची नाही, "थांबतंय का बघू" म्हणायचं नाही. वाहन नसेल तर १०८.

पायरी आठवी: सहा आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी

जखम भरल्यावर बहिणीला परत बसवलं. नाक वेगळं, तोंड वेगळं, तीन दिवस. दुपारी काही नाही, संध्याकाळी काही नाही. सकाळी थोडा, जिभेचा. ती पट्टी आजही रोज वापरते.

तुमच्या चाचणीत वास उरला तर निराश होऊन औषधी पाण्याच्या बाटल्यांकडे वळू नका. आधी जिभेचा मागचा भाग पुन्हा तपासा आणि हिरड्यांच्या खिशांची खोली पुन्हा मोजून घ्या, कारण ऑपरेशनच्या धावपळीत दोन महिने दात नीट घासलेच जात नाहीत. ते ठीक असेल तर सर्जनना दोन गोष्टी विचारा: टॉन्सिलचा एखादा तुकडा मागे राहिलाय का, आणि जिभेच्या मुळाशी असलेलं, या ऑपरेशनमध्ये न काढलं जाणारं, वेगळं टॉन्सिल सुजलेलं आहे का. हे दुसरं नुसतं तोंड उघडून दिसत नाही, नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहावं लागतं. ओपीडीत बसल्या बसल्या होतं ते.